विंधणविहिरीचे रॉड सोडविताना होणाऱ्या इजा व त्यांचे निवारण

विंधणविहीर घ्यावयाचे मनात आले म्हणजे आपला शेतकरी पाणाड्यास बोलावितो, तळहातावर नारळ धरवून जागा ठरवितो, शेजाऱ्यास किती फुटांवर पाणी लागले ह्याची चौकशी करितो, आणि गाडीच्या एजंटाशी फुटाच्या दराची घासाघीस करितो. केसिंग किती लागेल, कठीण खडक लागल्यास दर वाढणार काय, पाणी न लागल्यास काही सूट मिळेल काय, हे सर्व तो विचारतो. परंतु ‘तुमच्या गाडीवर रॉड कशाने सोडवितात?’ हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक ज्या रात्री आपल्या शेतात बोअर होते, त्या रात्री माणसाच्या बोटांस फार मोठा धोका ह्याच कामात असतो.

गाडी आपली नव्हे, तिजवरील माणसे आपली नव्हेत, तेव्हा ही उठाठेव शेतकऱ्याने कशास करावी, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, जमीन आपली आहे, काम आपल्या सांगण्यावरून चालले आहे, आणि गाडीवरील माणसे थकली म्हणजे ‘जरा हात लावा’ म्हणून हाक येते ती आपल्याच मुलास किंवा सालगड्यास. गाडीवरचे मजूर तरी कोणाची लेकरेच आहेत. आपल्याकडे फिरणाऱ्या पुष्कळशा गाड्या तमिळनाडूतील तिरुचेंगोडे भागातून येतात व त्यांवरील मजूर कित्येकदा आणखी निराळ्या प्रांतांतले असतात. चालविणाऱ्याची भाषा एक, मजुरांची दुसरी व आपली तिसरी, आणि त्यात कॉम्प्रेसरची घरघर अशी की कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येऊ नये. ह्या अडचणीचा विचार पुढे येईलच.

प्रथम काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधणविहिरीचा प्रसार आपल्याकडे झपाट्याने झाला व आता तिचे यंत्र सर्वांच्या पाहण्यातले आहे. पोलादी पोकळ दांड्यांच्या, म्हणजे रॉडांच्या, खालच्या टोकास हॅमर व त्यास बिट असते. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा रॉडांच्या पोकळीतून खाली जाऊन हॅमरास ठोके देते व तीच हवा दगडाचा भुगा वर फेकते. मनोऱ्यावरील फिरते डोके सबंध दांडीस सावकाश फिरवीत असते. एक रॉड बहुधा २० फुटांचा असतो. तेव्हा ६०० फूट बोअर म्हणजे ३० रॉड झाले. हे ३० रॉड खाली जाताना एकेक करून जोडावयाचे व वर येताना एकेक करून सोडवावयाचे, म्हणजे एका बोअरमागे ह्या कामाच्या ६० पाळ्या होतात. जोडण्याच्या पाळ्यांमध्ये खोदाईचा वेळ जात असल्याने माणसास दम घेता येतो. सोडविण्याच्या पाळ्या मात्र एकामागून एक येतात, आणि त्या येतात कामाच्या शेवटी, बहुधा मध्यरात्रीनंतर, जेव्हा पुढच्या गावचा एजंट चालविणाऱ्यास दूरध्वनीवरून तगादा लावीत असतो.

रॉडांचे आटे उजव्या पिळाचे असतात व खोदताना रॉड अशा दिशेने फिरतो की तो जोड आपोआप आवळत जावा. त्यावर हॅमरचे ठोके तासन्‌तास बसतात. आट्यांत वंगण नसले किंवा दगडाची कच शिरली असली तर पोलादावर पोलाद घासून जोड असा बसतो की जणू डाग देऊन सांधला आहे. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. जो रॉड सर्वांत आधी खाली जातो तो सर्वांत शेवटी वर येतो, आणि त्यानेच सर्वांत अधिक वेळ मार खाल्लेला असतो. म्हणजे सुरुवातीचे रॉड पटापट सुटतात, माणसांस सैलपणा येतो, आणि अंगातील शक्ती संपत आली असता सर्वांत घट्ट जोड पुढे उभे राहतात. त्या सर्वांवर कडी म्हणजे हॅमरचा जोड व हॅमरमधून बिट सोडविण्याचा जोड.

आता इजा कशी होते ते पाहू. रॉड सोडविण्यासाठी खालचा रॉड घट्ट धरून ठेवावा लागतो व वरचा उलटा फिरवावा लागतो. चांगल्या गाडीवर खालच्या रॉडास धरण्यासाठी तळाच्या पाटावर मजबूत काटा असतो, रॉडावर सपाट खाचा केलेल्या असतात त्यांत तो बसतो, आणि पहिली मोड घेण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी पकड असते. त्या गाडीवर माणसाचा हात जोडाजवळ जाण्याचे कारणच पडत नाही. परंतु पुष्कळ जुन्या गाड्यांवर ही पकड नसते, किंवा असून नादुरुस्त असते. मग मोठा पाईप-पाना किंवा साखळी-पाना रॉडास लावितात, त्याची मूठ मनोऱ्याच्या खांबास टेकवितात, आणि फिरते डोके उलटे चालवून यंत्राच्या बळाने जोड मोडतात. पान्याचे जबडे सुरुवातीस रॉडावर नीट बसत नाहीत म्हणून एक माणूस पान्याची मूठ हाताने धरून उभा राहतो. सगळे अनर्थ ह्या धरण्यात आहेत.

जरा हिशेब करून पाहावा. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास धडधाकट माणसाने ४० किलोच्या जोराने ओढ दिली, तर जो पीळ उत्पन्न होतो तो सुमारे ४०० न्यूटन-मीटर. यंत्राच्या डोक्याचा पीळ ४,००० न्यूटन-मीटर धरला तरी तो त्याच्या दसपट झाला. तोच पान्याच्या टोकास मोजला तर ४०० किलो, म्हणजे चार क्विंटलचा रेटा होतो. शंभर किलोची चार पोती एकावर एक रचून ती आपल्या बोटांवर ठेविली आणि खाली मनोऱ्याचा लोखंडी खांब असला, तर बोटांचे काय होईल हे सांगावयास डॉक्टर नको. माणसाच्या हाताचा उपयोग पाना जागेवर ठेवण्यापुरताच असतो, पण एकदा यंत्राने पीळ दिला की हात काढून घेण्यास लागणारा वेळ त्यास मिळत नाही. मूठ रॉडाबरोबर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाऊन खांबावर आदळते व मध्ये जे सापडेल ते चिरडते. जबडे घसरले तर पाना सुटून कोणाच्या छातीवर वा तोंडावर बसतो. आणि जोड एकाएकी मोडला तर जो मनुष्य सर्व अंग टाकून ओढ देत होता, तो पाटावरून खाली कोसळतो.

काही ठिकाणी मूठ आखूड पडते म्हणून तीवर लोखंडी नळीचा तुकडा चढवून लांबी वाढवितात. हा उपाय फार वाईट. पाना ज्या लांबीसाठी घडविलेला असतो तिच्या दुप्पट ओढ त्यास दिली की जबडा तरी फुटतो, नाही तर नळी निसटते. तसेच जोड सुटत नाही म्हणून त्यावर घणाने ठोके घालणे ही सर्रास चालणारी रीत आहे. कठीण पोलादावर कठीण घण बसला म्हणजे पोलादाची कपची बंदुकीच्या छऱ्यासारखी उडते, व ती डोळ्यात गेली तर डोळा गेलाच म्हणून समजावे.

आमच्या तालुक्यात घडलेली एक हकीकत येथे देण्यासारखी आहे. गाडी कोणाची होती ते सांगण्याचे प्रयोजन नाही. एका खातेदाराच्या द्राक्षबागेत बोअर चालले होते. पहाटे तीनचा सुमार असावा. रॉड वर काढण्याचे काम संपत आले होते व शेवटून चौथा की पाचवा जोड सुटत नव्हता. गाडीवरचा एक मजूर ताप भरल्यामुळे केबिनमध्ये निजला होता, म्हणून खातेदाराच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलास पाना धरावयास सांगितले. चालविणारा मनोऱ्याच्या पलीकडे दांड्यांपाशी उभा, त्यास मुलाचे हात दिसत नव्हते. इकडे दुसऱ्या मजुराने ग्रीसचा डबा मागण्यासाठी हात वर केला, तो चालविणाऱ्यास ‘चालव’ असा वाटला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. बोअरला दोन इंच पाणी लागले व बाग त्या वर्षी जगली. मुलास अद्याप उजव्या हाताने म्हशीची धार काढता येत नाही व द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बायकांवर देखरेख करण्यापलीकडे बागेतले बारीक काम त्याच्याने होत नाही.

ह्या प्रसंगात चूक कोणाची ह्यावर गावात पुष्कळ खल झाला. कोणी चालविणाऱ्यास दोष दिला, कोणी ग्रीस मागणाऱ्यास, आणि कोणी तर मुलासच. आमचे मत निराळे आहे. अंधारात, थकव्यात, घरघरीत, तीन भाषांच्या गोंधळात एखादी खूण चुकावयाचीच. आज नाही तर उद्या चुकेल. ती चुकली असता हात जाऊ नये अशी कामाची रीत पाहिजे. पान्यावर हात नसता तर त्या चुकलेल्या खुणेने फार तर खांबाचा रंग उडाला असता. यास्तव यंत्राचे डोके फिरण्याच्या अवस्थेत असताना पान्यावर, रॉडावर किंवा काट्यावर कोणाचाही हात असता कामा नये, हा एकच नियम इतर सर्व नियमांच्या आधी धरावा.

हा नियम पाळून काम होते काय? अवश्य होते. पान्यास टेकण्यासाठी मनोऱ्याच्या खांबाला कायमचा ठोकळा जोडून घ्यावा व पान्याची मूठ त्यास आधीच भिडवून ठेवावी. पाना वजनाने खाली घसरू नये म्हणून तो वरून साखळीने किंवा तारेच्या दोराने टांगावा. हे होईपर्यंत चालविणाऱ्याने दांड्यांवरून हात काढून तो वर धरावा. पाना बसविणाऱ्याने दोन पावले मागे, आणि तेही मूठ ज्या बाजूने फिरणार तिच्या उलट बाजूस, येऊन दोन्ही हात डोक्यावर उंच करावेत. चालविणाऱ्याने दोन्ही पंजे मोजावे व मगच दांडा ओढावा. पंजे दिसत नसतील तर ओढू नये. खूण करणारा एकच मनुष्य असावा आणि त्याने तेवढेच काम करावे. थांबण्याची खूण मात्र कोणीही करावी व ती सर्वांनी मानावी. रॉडामागे ह्यास अर्धा मिनिट अधिक लागतो असे धरले, तरी ३० रॉडांस पंधरा मिनिटे झाली.

पीळ देण्यापूर्वी हवेचा विचार करणे जरूर आहे. कॉम्प्रेसरची हवा इंचास २०० ते ३५० पौंडांच्या दाबाने येते. मोटारीच्या चाकात ती ३० च्या आसपास असते, ह्यावरून तिचे बळ कळेल. झडप बंद केली तरी रॉडांच्या पोकळीत व हॅमरच्या आतील उलट-झडपेच्या मागे हवा कोंडून राहते. अशा स्थितीत जोड मोडला तर चिखल, कच व कधी कधी रॉडच उसळून येतो. म्हणून झडप बंद करून दाबाचा काटा शून्यावर आला हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढे व्हावे. हवेच्या मोठ्या नळीच्या दोन्ही टोकांस तारेची सुरक्षा-दोरी बांधलेली असावी, कारण निसटलेली नळी सापासारखी फटकारे मारते.

आणखी एक बारकावा असा की वरच्या रॉडास दोन जोड असतात, एक खालच्या रॉडाशी व दुसरा फिरत्या डोक्याशी. उलटा पीळ दिला असता ह्यांपैकी कोणता आधी सुटेल ह्याचा भरवसा नाही. डोक्याकडचा जोड आधी सुटला तर २० फुटांचा रॉड चार-दोन आट्यांवर उभा डुलत राहतो. आपल्याकडील रॉड जाडीप्रमाणे ५० ते ८० किलोंपर्यंत भरतो. तो पडला तर गाडीवरील कोणाचे तरी डोके गाठल्यावाचून राहत नाही. म्हणून जोड सुटण्यापूर्वीच वरच्या रॉडास दोराची पकड घालून ठेवावी, आणि ‘आता हातानेच फिरवून घेतो’ असे म्हणून कोणासही त्याखाली जाऊ देऊ नये. खालच्या रॉडाचा काटाही खाचेत पुरता बसला आहे ना हे पाहावे. तो सैल असला तर सबंध दांडी बोअरमध्ये निसटते. हे नुकसान पैशाचे असल्यामुळे गाडीवाले त्याची काळजी बोटांपेक्षा अधिक घेतात, हेही येथे नमूद करितो.

घट्ट जोडाची खरी दवा वंगणात आहे. रॉड जोडतेवेळी दोन्ही बाजूंचे आटे पाण्याने धुवून, ब्रशाने कच काढून, आट्यांसाठी मिळणारे तांबे किंवा जस्तमिश्रित ग्रीस लावले म्हणजे सोडविताना निम्मा त्रास वाचतो. बैलगाडीच्या आसास घालावयाचे वंगण येथे उपयोगी नाही, ते दाबाखाली पिळून बाहेर येते. झिजलेल्या किंवा तुटक्या आट्यांचा रॉड बाजूस काढावा. हॅमरमधून बिट सोडविण्यासाठी बिटाच्या दात्यांस बसणारी लोखंडी बैठक मिळते, ती गाडीवर असावी. साखळी आणि घण घेऊन चारजणांनी झोंबणे हे काम नव्हे, झटापट आहे.

अंगावरच्या कपड्यांविषयी दोन शब्द. गळ्यात पंचा, मफलर किंवा मोकळे उपरणे घालून फिरत्या रॉडाजवळ जाऊ नये. थंडीच्या दिवसांत कानास मफलर गुंडाळून लोक तेथेच शेकत उभे राहतात. त्याचे टोक रॉडात गुरफटले की गळा मोकळा होत नाही. हातमोजे रॉड उचलताना व रचताना चांगले, मात्र ते सैल असू नयेत व फिरत्या रॉडास लावलेल्या हातात ते मुळीच नकोत. पायात वहाणा नकोत, चामड्याचे जाड बूट पाहिजेत. डोक्यावर टोप व डोळ्यांस चष्मा हे मजुरांस आवडत नाही, पण ते मागावेच.

सोडविलेले रॉड रचण्याची जागा सपाट असावी. उतारावर रचलेली चळत एक रॉड ओढताच घरंगळते व पाय सापडतो. दोन्ही बाजूंस खुंट ठोकून किंवा दगडांच्या उटी लावून चळत बांधावी. मनोरा उभा करण्याची जागा विजेच्या तारांपासून दूर पाहिजे हे वेगळे सांगावयास नको, तरी उभा रॉड मनोऱ्याबाहेर झुकतो तेव्हा त्याची लांबीही हिशेबात धरावी.

विहिरीच्या तळाशी आडवी बोअरे घेण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ आहे. तेथे रॉड आखूड व हलके असतात, पण जागा इतकी अरुंद की मागे सरावयास दोन पावले मिळत नाहीत, पायाखाली शेवाळ व चिखल, आणि इजा झाल्यास माणसास वर काढावयाचे ते दोरानेच. तेथे रॉड सोडविताना यंत्र पूर्ण बंद करून दोन पान्यांनी हातबळानेच सोडवावे. यंत्राचा पीळ वापरू नये.

आता शेतकऱ्याच्या हाती काय आहे ते सांगतो. दर ठरवितानाच पकड चालू आहे की नाही हे विचारावे, आणि गाडी बांधावर आली की ती एकदा चालवून दाखविण्यास सांगावे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये अशा यंत्रांच्या मालकांनी नोंदणी करण्याची तरतूद आहे. नोंदणीचा कागद पाहण्यास मागणे ह्यात संकोच कसला? रॉड काढण्याचे काम शक्य तो दिवसा यावे अशा बेताने खोदाई सुरू करावी. रात्र झालीच तर जोडाच्या जागी लख्ख उजेड पाडणारे दोन दिवे, समोरासमोर, आपण पुरवावेत, कारण एकाच बाजूच्या दिव्याने पान्याची सावली हातावर पडते. मजुरांस रॉड काढण्यापूर्वी चहा-भाकरी देऊन अर्धा तास बसवावे. हा खर्च फुटाच्या दरात शोधूनही सापडणार नाही. आपल्या घरच्या माणसांस व पाणी पाहावयास जमलेल्या मुलांस मनोऱ्याच्या उंचीएवढ्या अंतराबाहेर दोरी बांधून थांबवावे. ‘जरा हात लावा’ म्हटले तर नाही म्हणावे. त्यात माणुसकीस बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. आणि ‘लवकर आटपा’ हे शब्द रॉड निघत असताना जमीनमालकाच्या तोंडून येऊ नयेत.

इतके करूनही इजा झालीच तर प्रथम यंत्र बंद करावे. बोट किंवा हात पान्यात अडकला असेल तर चालविणाऱ्याने घाईने उलटसुलट फिरवू नये. कोणत्या दिशेने मोकळा होईल हे पाहून मगच पीळ सोडावा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, हात हृदयाच्या वर उंच ठेवावा, व १०८ क्रमांकास कळवावे. हळद, ग्रीस, माती, चुना काहीही भरू नये. तुटलेले बोट सापडल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जखमीबरोबरच पाठवावी. बर्फ बोटास प्रत्यक्ष लागू देऊ नये.

कागदपत्रांविषयी, आमचा जन्म ज्या दप्तरात गेला त्या अनुभवावरून, एवढे सांगतो. २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीस, वय १० ते ७५ असल्यास, अपघाती मृत्यूबद्दल अथवा दोन्ही हात, पाय वा डोळे गेल्याबद्दल २ लाख रुपये, व एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्याबद्दल १ लाख रुपये ठरविलेले आहेत. त्या कोष्टकात हात आहे, पाय आहे, डोळा आहे. बोटे वेगळी धरलेली नाहीत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. सातबाराचा उतारा, वयाचा दाखला व डॉक्टरचा दाखला पुढेही मिळतात, पण घटनास्थळाचा पंचनामा गाडी शिवारात उभी असेपर्यंतच खरा होतो. म्हणून पोलीस पाटलास त्याच रात्री वर्दी द्यावी. गाडीवरील मजूर ह्या योजनेत येत नाही. त्याच्या भरपाईचा भार त्याच्या मालकावर आहे, आणि मालक दूरच्या प्रांतात असल्यामुळे गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव व पत्ता हे गाडी बांधावर येते त्याच वेळी वहीत टिपून ठेवावे.